शाळेच्या सॉफ्टवेअरमधून डेटा चोरीला गेला, त्याच्या भरपाईचा दावा

न्यू जर्सीत मुलीला शाळेत घालताना आम्ही कसकसले फॉर्म भरले होते, ते डेटा चोरीची नोटीस येईपर्यंत विसरूनच गेलो होतो. नाव, पत्ता, जन्मतारीख, आमचे दोघांचे फोन हे झालंच. शिवाय शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, पहिलीत लावलेली स्पीच थेरपी, तिला शाळेतून कोण कोण घरी नेऊ शकतं त्यांची यादी. आणि सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक. तो शाळेला द्यायलाच हवा असा नियम नाही, पण फॉर्मवर रकाना दिसला की रिकामा सोडायचा नाही ही आपली सवय. ही माहिती शाळेच्या कपाटात राहत नाही. हजेरी, गुण, जेवणाचे पैसे सांभाळणाऱ्या एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि मूल शाळा सोडून गेलं तरी तिथेच पडून राहते.

पॉवरस्कूल या शाळांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचं प्रकरण बऱ्याच जणांनी वाचलं असेल. डिसेंबर २०२४ मध्ये तिथून माहिती चोरीला गेल्याचं कंपनीच्या लक्षात आलं. सरकारी वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे ६ कोटींहून अधिक विद्यार्थ्यांची आणि सुमारे १ कोटी शिक्षकांची. चोर कोण, तर मॅसॅच्युसेट्समधला एक कॉलेजकुमार, गुन्हा कबूल केला तेव्हा वय १९. त्याने बिटकॉइनमध्ये सुमारे २८.५ लाख डॉलरची खंडणी मागितली होती. कंपनीने पैसे दिले, डेटा पुसून टाकल्याचा व्हिडिओही तिला दाखवला गेला, आणि तरी मे २०२५ मध्ये शाळांना त्याच डेटावरून पुन्हा धमक्या आल्या. टोरंटोच्या शाळा मंडळाच्या बाबतीत तर १९८५ पासूनच्या विद्यार्थ्यांची माहिती त्यात होती. म्हणजे आज ज्यांची मुलं कॉलेजात आहेत अशा लोकांचीही. त्या पोराला ऑक्टोबर २०२५ मध्ये ४ वर्षांची शिक्षा झाली.

आमचं प्रकरण वेगळ्या, त्याहून लहान कंपनीचं. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण मला सांगायचंय ते दाव्याबद्दल, आणि दाव्याची रीत सगळीकडे साधारण सारखीच असते. चोरी झाली, काही पालकांनी सगळ्यांच्या वतीने एकत्र असा क्लास अ‍ॅक्शन खटला भरला, कंपनीने चूक कबूल न करता ठरावीक रक्कम बाजूला काढायची तयारी दाखवली, न्यायाधीशांनी या तडजोडीला, म्हणजे सेटलमेंटला, प्राथमिक मंजुरी दिली, आणि मग ज्यांची ज्यांची माहिती गेली त्या सगळ्यांना नोटीस गेली. आमच्याकडे ती पोस्टकार्डावर आली, "टू द पॅरेंट ऑर गार्डियन ऑफ" असं लिहून, पुढे मुलीचं मोडकंतोडकं नाव. किराणा दुकानाच्या कूपनांत मिसळलं तर सापडणारही नाही असं ते कार्ड.

नवऱ्याचं पहिलं वाक्य, "हेच फ्रॉड असेल." शंका रास्त होती, कारण डेटा चोरीच्या बातमीमागोमाग भरपाईच्या खोट्या नोटिसांचं पीक येतं. म्हणून कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन न करता त्यावरचा खटला क्रमांक घेतला आणि पेसर या फेडरल कोर्टांच्या कागदपत्रांच्या साइटवर शोधला. तिथे खातं उघडायला पैसे पडत नाहीत; कागद पाहायला पानाला १० सेंट लागतात, पण तीन महिन्यांत ३० डॉलरच्या आत राहिलात तर तेही माफ होतात. प्राथमिक मंजुरीचा आदेश मिळाला. दावे हाताळणाऱ्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कंपनीचं नाव आणि सेटलमेंटच्या साइटचा पत्ता त्यात छापलेला होता, कार्डावरच्याशी जुळणारा. दावा करायला आधी फी भरा म्हणणारी किंवा बँकेचा पासवर्ड मागणारी साइट खरी नसते, हे वेगळं सांगायला नको.

आता खरी मेख. अशा सेटलमेंटमध्ये गप्प बसणं म्हणजे बाहेर राहणं नव्हे. काहीच केलं नाही तर पैसे मिळत नाहीत, आणि पुढे त्या चोरीवरून कंपनीवर स्वतंत्र खटला भरायचा हक्कही जातो. तो हक्क राखायचा तर मुदतीच्या आत लेखी कळवून बाहेर पडावं लागतं. इथल्या आमच्या मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांचा समज होता की फॉर्म भरला नाही म्हणजे आपण त्यात नाहीच. ही बारीक अक्षरं कार्डाच्या मागच्या बाजूला होती. पैशांचा आकडा मात्र पुढे, ठळक.

फॉर्मला पाऊण तासही लागत नाही. कार्डावरचा आयडी आणि पिन टाकायचा, मग पर्याय निवडायचे. एक, ओळखचोरीवर नजर ठेवणारी सेवा दोन वर्षं फुकट. दोन, पुरावा देऊन दाखवलेलं नुकसान, एका मर्यादेपर्यंत. तीन, या भानगडीत गेलेल्या वेळेचे तासाप्रमाणे पैसे, फक्त काही तासांपुरते. चार, यातलं काही नको असेल तर थेट रोख, जी "किती दावे येतात त्यानुसार कमी-जास्त" होणार. शेवटी खोटं असल्यास शपथभंगाची शिक्षा मान्य आहे अशी सही. लोक तासांच्या रकान्यात डोळे मिटून कमाल आकडा टाकतात. मला ते पटत नाही. खाली कुठल्या सहीवर बोट ठेवतोय ते आधी वाचावं.

थेट रोख रकमेवर कुणी मनात मांडे भाजू नयेत. २०१७ मध्ये इक्विफॅक्स या क्रेडिट ब्युरोमधून, म्हणजे लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीतून, १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. त्या सेटलमेंटमध्ये १२५ डॉलर मिळणार म्हणून गाजावाजा झाला. पण त्या पर्यायासाठी बाजूला ठेवलेले होते एकूण ३.१ कोटी डॉलर, आणि अर्ज आले लाखोंनी. शेवटी अनेकांच्या हातात दहा डॉलरसुद्धा पडले नाहीत. शिवाय एकूण रकमेतून वकिलांची फी आधी वजा होते, बहुतेकदा तिसऱ्या हिश्श्यापर्यंत.

आम्ही दुसरा आणि तिसरा पर्याय घेतला, कारण आमच्याकडे पावत्या होत्या. त्या कशाच्या, तर मुलीचं क्रेडिट गोठवताना, म्हणजे तिच्या नावाने कुणाला नवं कर्ज काढता येऊ नये अशी सोय करताना, झालेल्या किरकोळ खर्चाच्या. या सगळ्या उपद्व्यापातलं खरं काम मला तेच वाटतं, म्हणून ते नीट सांगते.

शाळकरी मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर चोराला मोठ्या माणसाच्या नंबरापेक्षा जास्त प्रिय असतो. त्यावर कर्ज नाही, हप्ता थकलेला नाही, आणि अठरा वर्षांचं होऊन ते मूल पहिलं क्रेडिट कार्ड मागेपर्यंत कुणी तिकडे पाहतही नाही. त्या नंबराला भलतंच नाव आणि भलतीच जन्मतारीख जोडून एक खोटा माणूस उभा करतात आणि वर्षानुवर्षं त्याच्या नावाने उधारी करतात. नजर ठेवणारी सेवा हे झाल्यावर कळवते. गोठवलं तर ते होणंच अवघड. सप्टेंबर २०१८ पासून फेडरल कायद्याने हे फुकट आहे आणि १६ वर्षांखालच्या मुलासाठी आईवडील करू शकतात. मुलाची क्रेडिट फाइल नसेल तर ब्युरोला ती आधी तयार करून मग गोठवावी लागते.

मोठ्यांचं काम फोनवर दहा मिनिटांत होतं. मुलांचं कागदावर. इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन, या तिन्ही ब्युरोंना वेगवेगळं पाकीट. प्रत्येकात मुलीच्या जन्मदाखल्याची प्रत, तिच्या सोशल सिक्युरिटी कार्डाची प्रत, माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सची प्रत, पत्त्यासाठी विजेचं बिल आणि सही केलेला अर्ज. ज्या कागदांची चोरी झाली म्हणून हा खटाटोप, तेच कागद पुन्हा पाकिटात भरून पोस्टात टाकायचे, हा विनोद पोस्ट ऑफिसच्या रांगेत मला एकटीलाच कळत होता. पोच मिळावी म्हणून सर्टिफाइड मेलने पाठवलं. अर्ज पोहोचल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत गोठवायचं बंधन ब्युरोवर असतं. एकाने उलट पत्र पाठवून बिलावर दोघांचं नाव का नाही असं विचारलं, तेव्हा बँकेचं स्टेटमेंट जोडलं. सर्टिफाइड मेल, झेरॉक्स, नोटरी यांच्या पावत्या मी एका प्लॅस्टिक फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या आणि त्याच दाव्याला जोडल्या. पावतीवर तारीख हवी, ती चोरीनंतरची हवी, आणि खर्च या चोरीमुळेच झाला हे एका ओळीत लिहायला हवं.

काही आठवड्यांनी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं "दाव्यात त्रुटी" असं पत्र आलं. कारण अगदी आपलं. शाळेच्या नोंदीत वडिलांचं नाव मुलीच्या नावाला चिकटवून पहिलं नाव म्हणून टाकलेलं, जन्मदाखल्यात ते मधलं नाव, आणि दाव्यात मी दाखल्याप्रमाणे लिहिलेलं. संगणकाच्या लेखी दोन मुली. अशा पत्राला घाबरायचं कारण नाही, फक्त त्यातली मुदत पाळायची. दाखल्याची प्रत आणि शाळेचं जुनं प्रगतिपुस्तक, ज्यावर ते जोडनाव आणि पत्ता दोन्ही होतं, पाठवल्यावर दावा मंजूर झाला. ज्यांच्या घरी नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे त्यांनी शाळेच्या पोर्टलमध्ये मुलाचं नाव कसं दिसतं ते आधीच पाहून ठेवावं.

मंडळात दावा करणाऱ्यांचे प्रश्न वेगळेच. एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, असलेल्या मुलांना सोशल सिक्युरिटी नंबरच नसतो, मग त्यांना काय मिळणार? आमच्या सेटलमेंटची व्याख्या "ज्यांची माहिती चोरीला गेली" एवढीच होती. नागरिकत्व, व्हिसा, नंबर यांचा त्यात उल्लेख नव्हता. पत्ता आणि आजारपणाची नोंद गेली तरी तुम्ही त्यात आहात. एका बाईंना भीती, ग्रीन कार्डाच्या अर्जात हे कुठे लिहावं लागेल का. हा सरकारकडून घेतलेला लाभ नाही, खासगी कंपनीने दिलेली भरपाई आहे, एवढं सांगितल्यावर त्यांनीही फॉर्म भरला.

मग सेटलमेंटच्या मंजुरीची अंतिम सुनावणी. तारीख पुढे गेली, कुणीतरी वकिलांच्या फीवर हरकत घेतली, साइटवर "कृपया वाट पाहा" असं बरेच महिने तसंच राहिलं. या काळात करण्यासारखं एकच, पत्ता बदलला तर कळवणं.

पैसे आले ते चेकने, कारण अल्पवयीन दावेदाराला ऑनलाइन पर्याय दिलेला नव्हता. आमच्या पावत्यांचे पूर्ण आणि तासांचे कापून, सगळे मिळून चाळीसेक डॉलर. चेक मुलीच्या नावाने, पुढे "अ मायनर". बँकेतल्या मुलाने तो उलटसुलट पाहिला आणि मॅनेजरला बोलावलं. माझ्या खात्यात तो घेईनात. मागे आधी मुलीचं नाव, त्याखाली "पॅरेंट" असं लिहून माझी सही, आणि जमा तिच्या-माझ्या जोड खात्यात, असं ठरलं. आमच्या चेकची मुदत ९० दिवसांची होती, म्हणून मुलांचं खातं नसेल त्यांनी चेक यायच्या आधीच उघडलेलं बरं.

आमच्या शेजारचं एक कुटुंब मधल्या काळात पुण्याला परतलं होतं. त्यांना नोटीस ईमेलने गेली. डॉलरचा चेक तिकडच्या बँकेत वटवायचा म्हणजे शुल्कातच तो संपणार, म्हणून त्यांनी नजर ठेवणाऱ्या सेवेचा पर्याय घेतला आणि गोठवण्याचे कागद पुण्याहून कुरियर केले. तिकडे मुलाची नवी शाळा, नवं अ‍ॅप, आणि त्यात आधार कार्डाची प्रत. त्या घरातल्या आईने मला विचारलं, इथे असं झालं तर? भारतात २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण तो दंड सरकारच्या तिजोरीत जमा होतो, ज्याची माहिती गेली त्याला नाही. आणि जुन्या आयटी कायद्यातलं भरपाईचं ४३ए कलम काढून टाकायची तरतूदही त्याच कायद्यात आहे. तिने शाळेला पत्र लिहून आधारची प्रत अ‍ॅपमधून काढायला सांगितलंय. उत्तर अजून आलेलं नाही.