पेगी ॲशक्रॉफ्टची मार्गारेट

आमच्या इंदुरात हौशी नाटकवाल्यांचा एक नियम आहे: बाईने चाळिशी ओलांडली की तिच्या वाट्याला आई नाहीतर आत्या. रामबागेतल्या तालमींत मी दोन्ही भरपूर केल्या. म्हणून ब्रिटिश अभिनेत्री पेगी ॲशक्रॉफ्टबद्दल वाचलं की मला जरा चेव येतो.

जन्म १९०७चा, क्रॉयडनचा. १९३०मध्ये पॉल रोबसनच्या ऑथेल्लोसमोर ती डेस्डेमोना होती. नायक काळा म्हणून लंडनमध्ये नाकं मुरडली गेली. १९३५मध्ये ती ज्युलिएट झाली, तेव्हा जॉन गिलगुड आणि लॉरेन्स ऑलिव्हिए हे दोन नट आलटून पालटून रोमिओ करत होते. पण माझ्या लेखी खरी कमाल १९६३ची. शेक्सपिअरची सहाव्या हेन्रीवरची तीन नाटकं आणि ‘तिसरा रिचर्ड’ जोडून स्ट्रॅटफर्डला तीन भागांचा प्रयोग झाला. त्यात पंचावन्न वर्षांची ही बाई राणी मार्गारेट म्हणून आधी कोवळी नवरी, मग लढाया लढणारी, शेवटी शिव्याशाप देत फिरणारी म्हातारी! आमच्या दिग्दर्शकाने नवरीसाठी भाचीलाच उभं केलं असतं.

सिनेमे तिने तसे थोडेच केले. तरी ‘अ पॅसेज टू इंडिया’मधल्या मिसेस मूरसाठी ७७व्या वर्षी सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. त्या विभागात इतक्या वयात ते आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेलं नाही.