क्लचची लाइन सोडताना आणि परत जोडताना

गिअरबॉक्स उतरवायचा म्हटलं की क्लचची लाइन, म्हणजे पेडलचा दाब ऑइलमार्फत क्लचपर्यंत नेणारा पाइप, सोडावीच लागते, असं अनेक जण धरून चालतात. निम्म्या वेळा त्याची गरज नसते. स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा, गिअरबॉक्सकडचा सिलिंडर) गिअरबॉक्सच्या बाहेरच्या अंगाला असेल, म्हणजे फोक्सवॅगन पोलोसारखी रचना असेल, तर त्याचे दोन बोल्ट काढायचे आणि पाइप लागलेल्या अवस्थेतच सिलिंडर बाजूला बांधून ठेवायचा. लाइन उघडली नाही तर हवा शिरत नाही, आणि हवा शिरली नाही तर पुढची अर्धी कटकट वाचते. फक्त दोन पथ्यं पाळायची. स्लेव्हचा पिस्टन बाहेर सरकू नये म्हणून दांडीवरून केबल टाय आवळायचा, आणि काम संपेपर्यंत क्लचच्या पेडलला कोणाचाही पाय लागू द्यायचा नाही. पेडलखाली एक लाकडी ठोकळा अडकवून ठेवला की हा प्रश्नच मिटतो.

स्लेव्ह बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या, क्लच झाकणाऱ्या आवरणाच्या) आत, इनपुट शाफ्टभोवती (गिअरबॉक्सच्या पुढच्या दांड्याभोवती) बसवलेला असेल तर मात्र इलाज नाही. पाइप सोडावाच लागतो. पाइप गंजला असेल, होज (रबरी नळी) फुगला असेल किंवा मास्टर सिलिंडर (पेडलकडचा, ऑइल ढकलणारा) बदलायचा असेल तरी तेच. (मारुती ८०० सारख्या केबलच्या क्लचला यातलं काहीच लागू नाही.)

या लाइनमध्ये थोडीशी हवाही का चालत नाही, ते आकड्यांत पाहू. समजा मास्टरचा बोअर (आतला व्यास) १६ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ३० मिमी आहे. पेडल पूर्ण दाबल्यावर तो साधारण ६ मिली ऑइल ढकलतो. स्लेव्हचा बोअर २२ मिमी असेल तर त्याचा पिस्टन जवळपास १६ मिमी सरकतो. आता लाइनमध्ये १ मिली हवा अडकली. दाब आला की ती हवा दबून नाहीशी झाल्यासारखीच होते, म्हणजे स्लेव्हची हालचाल अडीच मिमीच्या वर कमी झाली. क्लच पूर्ण सुटायला तेवढंच अंतर लागत होतं, तर रिव्हर्स टाकताना गिअर कर्र करणारच. ब्रेक स्पंजी असले तरी पुन्हा पुन्हा मारून गाडी थांबवता येते. क्लचला तशी सवलत नाही.

कामाला बसण्याआधी हे हाताशी असू द्या: गाडीच्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं ब्रेक ऑइल, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४, ५०० मिलीची नवी सीलबंद बाटली, मोठी सिरिंज, निपलवर (स्लेव्हकडच्या, हवा काढायच्या छोट्या पोकळ स्क्रूवर) घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी, नवी ओ-रिंग किंवा तांब्याचे नवे वॉशर, पाइपच्या टोकांना लावायला रबरी टोप्या, पाण्याची बादली. अर्धी वापरून सहा महिने ठेवलेली बाटली घेऊ नका. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर फारच लवकर. बादली रंगासाठी. ऑइल बॉनेटवर किंवा मडगार्डवर सांडलं तर ते पुसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. पुसलं की पसरतं आणि रंग सुटतो. चष्माही घालाच.

बऱ्याच गाड्यांत क्लचला ऑइल ब्रेकच्याच टाकीतून जातं. टाकीच्या बाजूला, बुडापासून बरंच वर, एक तोटी असते आणि तिथून रबरी नळी मास्टरकडे जाते. ती वर ठेवण्याचं कारण असं की क्लच गळला तरी ब्रेकपुरतं ऑइल टाकीत उरावं. याचा फायदा आपणही घ्यायचा. सिरिंजने टाकीतली पातळी त्या तोटीच्या जरा खाली आणली की खाली पाइप सुटल्यावर टाकी रिकामी होत नाही, नळीत असेल तेवढंच ओघळतं. ब्रेकच्या वाटेपेक्षा खाली मात्र उतरू नका, नाहीतर ब्रेकचीही हवा काढत बसावं लागेल. ज्यांना पातळी उतरवायची नाही त्यांनी झाकणाखाली पातळ प्लास्टिकचा तुकडा ठेवून ते घट्ट लावावं. वरून हवा शिरायला वाट नसली की थेंबथेंब गळणंही मंदावतं.

आता जोड. इंजिन आडवं असलेल्या गाड्यांत तो सहसा बॅटरीच्या ट्रेखाली दडलेला असतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मग बॅटरी आणि ट्रे. पेडल पूर्ण वर आहे ना ते हाताने उचलून पाहा. पेडल वर असताना मास्टरमधलं छोटं भोक टाकीकडे उघडं राहतं आणि लाइनमध्ये दाब उरत नाही. पेडल अर्धवट अडकलेलं असताना जोड सोडला तर ऑइल थेट तोंडावर येतं.

जोडावर तारेची यू आकाराची क्लिप असेल तर सगळ्यात आधी साफसफाई. ब्रश आणि ब्रेक क्लीनर वापरून क्लिपभोवतीची माती पूर्ण काढा, कारण पाइप निघताक्षणी ती माती आत जाणार आहे. मग बारीक चपट्या स्क्रू ड्रायव्हरने क्लिप अडेपर्यंत बाहेर सरकवा. ती पूर्ण उपसायची नसते. उडाली तर गिअरबॉक्सच्या फटीत जाते आणि नव्यासाठी दुकानं पालथी घालावी लागतात. क्लिप मागे आली तरी पाइप हलत नाही, अशी तक्रार नेहमीची. ओ-रिंग वर्षानुवर्षं एकाच जागी चिकटलेली असते. अशा वेळी ओढू नका, उलट पाइप आधी आत दाबा, डावी-उजवीकडे किंचित फिरवा आणि मग सरळ रेषेत बाहेर काढा. तिरका ओढला तर प्लास्टिकची मान तडकते, आणि मग ओ-रिंग नवी असली तरी गळती थांबत नाही. पाइप हातात आल्यावर टोकाकडे पाहा: ओ-रिंग पाइपवरच आली की खोबणीत राहिली? आत राहिलेली जुनी रिंग न पाहता वर नवी बसवली तर पाइप पूर्ण आत जात नाही.

पाइपला नट असेल तर साधा रिंग पाना बसत नाही आणि फिक्स पान्याने कडा गोल होतात. बहुतेक ठिकाणी १० मिमीचा फ्लेअर पाना लागतो, एका बाजूने कापलेल्या रिंगसारखा दिसणारा. धातूचा पाइप होजला मिळतो तिथे होजचं टोक दुसऱ्या पान्याने धरा. नाहीतर नटाबरोबर पाइपही पिळला जातो आणि पिळलेला पाइप आज नाही तर उद्या चिरतो. बॅंजो बोल्ट (ज्याच्या आतून ऑइल जातं असा पोकळ बोल्ट) असेल तर दोन वॉशर, एक वर आणि एक खाली. जुने वॉशर परत लावू नयेत, एकदा दबलेलं तांबं दुसऱ्यांदा नीट बसत नाही.

दोन्ही टोकं लगेच रबरी टोपीने बंद करा. टोपी नसेल तर हातमोज्याचं बोट चढवून दोऱ्याने बांधा. चिंधी कोंबू नका, तिचे तंतू आत जातात. आणि एक गोष्ट आपल्याकडच्या गॅरेजांत हमखास दिसते म्हणून ठासून सांगतो: हे भाग डिझेलने किंवा रॉकेलने धुवायचे नाहीत. या सिलिंडरांतले रबर ब्रेक ऑइलसाठी बनवलेले असतात. खनिज तेलाचा अंश जरी लागला तरी ते फुगतात, आणि मग नवा मास्टरही काही दिवसांत अडकायला लागतो. ओ-रिंगला ग्रीसही नको. ताज्या ब्रेक ऑइलात बुडवून बसवली की पुरे.

जोडताना क्लिपवाला पाइप खट्‌ आवाज येईपर्यंत सरळ आत सारा. क्लिप पूर्ण खाली बसवा आणि मग पाइप जोर लावून ओढून पाहा. अर्धवट बसलेला जोड पेडल हळू दाबेपर्यंत तग धरतो आणि पहिल्याच जोराच्या दाबाला सुटतो. नट आधी तीन-चार आटे बोटांनीच फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर तो तिरका लागलाय, पाना उचलू नका. १० मिमी आट्याच्या फ्लेअर नटाला साधारण १५ न्यूटन-मीटर पुरतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

हवा काढायला टाकी भरा आणि निपलला लावलेल्या नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. निपल अर्धा फेरा सैल करून दहा-पंधरा मिनिटं नुसतं गळू द्या. बरीच हवा एवढ्यानेच निघते. मग एकाने पेडल सावकाश शेवटपर्यंत दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडायचा, बंद करायचा, आणि त्यानंतरच पेडल हाताने वर उचलायचं. सुरुवातीला ते आपोआप वर येत नाही, घाबरू नका. धडाधड पंप केल्याने ऑइलला फेस येतो आणि बारीक बुडबुडे काढणं आणखी अवघड होतं. काही गाड्यांत वेगळा निपल नसतो. क्लिप उचलून पाइप एक खाच बाहेर ओढला की हवा काढायचं भोक उघडतं. पूर्ण लाइनला २०० ते २५० मिली ऑइल पुरतं. टाकीची पातळी त्या तोटीखाली गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

एवढं करूनही पेडल मऊच असेल आणि स्लेव्ह बाहेरचा असेल, तर तो सोडून निपल सगळ्यात वर येईल असा धरा आणि पिस्टन हाताने हळू आत दाबा. टाकीत बुडबुडे वर येताना दिसतील. आतल्या स्लेव्हसाठी सिरिंजने खालून वर ऑइल ढकलणं हा चांगला उपाय, फक्त टाकी ओसंडत नाही ना इकडे लक्ष हवं. निपलला व्हॅक्यूम पंप लावल्यावर बुडबुडे थांबतच नसतील तर ती हवा बहुधा निपलच्या आट्यांतून येत असते, लाइनमधली नव्हे.

नंतरच्या तक्रारी कुठून येतात तेही पाहू. पेडल कडक झालं आणि परत यायला आळस करत असेल तर होज पिळला गेलाय किंवा आतून दबलाय. पेडलच्या मागे गालिचा ओला असेल तर मास्टर गेला. बेल हाउसिंगच्या तळाशी थेंब असेल तर तो बोटावर घेऊन पाण्याच्या वाटीत सोडा: ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, गिअर ऑइलचा तवंग तरंगतो. मिसळलं तर आतला स्लेव्ह गळतोय, तरंगलं तर इनपुट शाफ्टचं सील. दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. म्हणून क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स खाली असेल तेव्हाच आतला स्लेव्ह नवा टाकावा, जुना कोरडा दिसत असला तरी. आणि तो नवा स्लेव्ह गिअरबॉक्स परत चढवेपर्यंत पेडलने हलवून पाहायचा नाही. समोर प्रेशर प्लेटची बोटं (क्लचच्या स्प्रिंगची टोकं, ज्यांवर स्लेव्ह दाब देतो) नसतील तर पहिल्याच दाबाला त्याचा पिस्टन बाहेर येतो आणि नवा भाग भंगारात जातो.