जुन्या कॅसेटी, दोन पिढ्यांचे कान: डेक ते प्लेलिस्ट, आतापर्यंतचं काम

सद्यस्थिती: कॅसेट डेकचे रबरी पट्टे बदलून झाले, हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) साफ झालं, वेग बसला. आता फिती संगणकात घेणं चालू आहे. पालक आणि कुमारवयीन मुलं मिळून करताहेत, म्हणून यंत्राबरोबर ऐकण्याबद्दलही लिहितो आहोत. कॅसेटी निवडणं आणि गाणी ओळखणं मोठ्यांकडे. डेक उघडणं, तारा आणि सॉफ्टवेअर मुलांकडे. स्क्रू ड्रायव्हर मोठ्यांनीच धरला तर मूल नुसतं बघत बसतं आणि थोड्याच वेळात मोबाइलकडे वळतं.

पट्टे. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण फीत हलत नाही, तेव्हा रबरी पट्टा बहुधा सैल पडलेला किंवा डांबरासारखा वितळलेला असतो. आधी प्लग काढा. चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्यांनी पुसा, हातमोजे घाला, कारण तो बोटांवरून लवकर जात नाही. नव्या पट्ट्याचं माप काढायला पुलींभोवती दोरा गुंडाळा आणि त्या लांबीपेक्षा साधारण 5 टक्के आखूड पट्टा घ्या. जाडी मूळचीच हवी. जास्त ताणलेल्या पट्ट्याने मोटरच्या बेअरिंगवर भार येतो आणि सूर थरथरतो. फीत गुंडाळणाऱ्या चकतीचा पट्टा सैल राहिला तर डेक फीत खातो, तेव्हा पहिली चाचणी नेहमी बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर.

हेड आणि कॅपस्टन (फीत ओढणारा धातूचा बारीक दांडा) त्याच अल्कोहोलने साफ होतात. फीत त्या दांड्यावर दाबणाऱ्या रबरी पिंच रोलरला मात्र सौम्य साबणाचं पाणी बरं. अल्कोहोल वारंवार लागलं की रबर कडक होतं.

वेग. प्रमाण वेग सेकंदाला 4.76 सेंमी. चाचणी फितीवरचा 3150 हर्ट्झचा स्वर वाजवून सॉफ्टवेअरमध्ये वारंवारता बघायची आणि मोटरच्या मागच्या छिद्रातला स्क्रू अगदी किंचित फिरवायचा, तोही प्लास्टिकच्या स्क्रू ड्रायव्हरने. सगळ्याच मोटरना असं छिद्र नसतं. काहींमध्ये ही सोय सर्किट बोर्डावर असते. वेग 3 टक्क्यांनी चुकला तर गाणं जवळजवळ 50 सेंटनी, म्हणजे दोन लगतच्या स्वरांमधल्या अंतराच्या निम्म्याने सरकतं. मुलगी गिटार घेऊन साथीला बसली की हा फरक लगेच टोचतो आणि तिला वाटतं तिचंच वाद्य बेसूर आहे.

आता या सगळ्यातला आमचा सर्वात आवडता भाग: ॲझिमथ, म्हणजे हेडचा फितीशी असलेला कोन. हेडची फट फितीला काटकोनात नसेल तर वरचे स्वर पुसले जातात आणि आवाजावर पांघरूण घातल्यासारखं वाटतं. हेडशेजारी स्प्रिंग असलेला स्क्रू याच कामाचा. डॉल्बी (फितीची खरखर दाबणारी सोय) बंद ठेवा, दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोमध्ये ऐका, आणि 'स', 'श' आणि झांजेचा आवाज सर्वात लख्ख होईल तिथे थांबा. डॉल्बी आधीच चालू असेल तर तो स्वतःच वरचे स्वर कमीजास्त करतो आणि अंदाज फसतो. वेगवेगळ्या डेकवर भरलेल्या फितींचा कोन वेगळा असतो, म्हणून हे प्रत्येक कॅसेटला नव्याने बघावं लागतं. आणि हे काम मुलांनीच करावं. वयानुसार वरच्या वारंवारता आधी ऐकू येईनाशा होतात. चाळिशी-पन्नाशीतल्या कानाला 12-13 किलोहर्ट्झच्या वरचं अनेकदा धड लागत नाही, तर पंधरा वर्षांच्या मुलाला ते स्वच्छ ऐकू येतं. गायकाचा आवाज मुळात कसा असायला हवा, हे मात्र ते गाणं पूर्वी शेकडो वेळा ऐकलेल्या मोठ्यांना ठाऊक. स्क्रू फिरवताना हे दोघे जे बोलतात, तेवढं बारकाईचं संगीतावरचं बोलणं एरवी घरात क्वचितच होतं.

ध्वनिमुद्रण. लॅपटॉपचं माइकचं भोक टाळा; ते बहुधा मोनो असतं आणि डेकच्या आउटपुटने आवाज फाटतो. लाइन इनपुट असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, सर्वात मोठा आवाज -6 डेसिबलपर्यंत. सी-90ची एक बाजू 45 मिनिटांची, म्हणजे साधारण 780 एमबी. फ्लॅकमध्ये (दर्जा न गमावता फाइल लहान करणारा प्रकार) ती बरीच लहान होते. गुणगुण येत असेल तर चार्जर काढून बघा. मुद्रणाआधी फीत एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत मागे आणा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. आवाज मध्येच विझत असेल तर कॅसेटमधल्या, फीत हेडवर दाबून धरणाऱ्या फेल्टच्या तुकड्याचा गोंद बहुधा सुटलेला असतो. स्क्रूने उघडता येणारी दुसरी जुनी कॅसेट हाताशी असेल तर फीत तिच्यात हलवा. खरखर कमी करताना 6 डेसिबलपर्यंतच जा. त्यापुढे तंबोरा पाण्याखालून आल्यासारखा लागतो, आणि तशा तंबोऱ्यापेक्षा खरखर परवडली.

एकत्र ऐकताना कॅसेटची एक बाजू, मग तेवढाच वेळ मुलांची गाणी, त्याच स्पीकरवर. यात एक तांत्रिक अन्याय होतो. कॅसेटवरून घेतलेलं गाणं हळू आवाजात असतं, नवं गाणं मोठ्या आवाजात मास्टर केलेलं असतं, आणि कानाला मोठा आवाज चांगला वाटतो. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादन सॉफ्टवेअरमधल्या लाउडनेस नॉर्मलायझेशनने सगळ्या फाइल -14 एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) आणा आणि शिखरं, म्हणजे क्षणभराचे सर्वात मोठे आवाज, -1 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. जुन्या गाण्यांची शिखरं आड येत असतील तर सगळंच -18वर ठेवा. आकडा कोणता यापेक्षा दोन्ही पिढ्यांना सारखा असणं महत्त्वाचं.

हेडफोन वाटून घेणं आम्ही सुचवत नाही. एका पिनेवर दोन वेगळे हेडफोन लावले की एकाला आवाज जास्त मिळतो, दुसरा व्हॉल्यूम वाढवतो आणि पहिल्याचे कान भोगतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला 40 तासांसाठी प्रौढांना 80 आणि मुलांना 75 डेसिबल आहे. दर 3 डेसिबलमागे वेळ निम्मा करायचा.

पुढचं काम घरी माइकवर भरलेल्या फितींचं. त्या कॅसेटींच्या कडेवरची, रेकॉर्डिंग होऊ देणारी प्लास्टिकची टोकं आधी तोडून घेतोय, म्हणजे चुकून काही पुसलं जाणार नाही. लेबलं बहुतेकांवर नाहीत, त्यामुळे आवाज ओळखायला आजी-आजोबा लागतील.