सम-विषम पार्किंग मिळालं, पण एका अभिप्रायाने जीव काढला

रस्त्यावर गाडी कुठे लावायची हे महापालिका ठरवते, असं आमच्या गल्लीत सगळेच धरून चालले होते. तसं नाही, हे आधीच सांगते, कारण निम्मा वेळ या गैरसमजातच जातो. महाराष्ट्रातल्या शहरात एखाद्या रस्त्यावर नो पार्किंग करायचं, एकेरी वाहतूक करायची किंवा सम-विषम तारखांचं पार्किंग (सम तारखेला गाड्या एका बाजूला, विषम तारखेला दुसऱ्या) लावायचं, तर आदेश काढते पोलिसांची वाहतूक शाखा. मोटार वाहन कायदा १९८८, कलमं ११५, ११६, ११७. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात त्यावर वाहतूक उपायुक्तांची सही असते. रस्ता, त्याची रुंदी, पाट्या आणि पट्टे मात्र महापालिकेकडे. म्हणजे गल्ली एक, कार्यालयं दोन, आणि दोघांच्या मध्ये एक कागद, त्याचं नाव अभिप्राय, म्हणजे महापालिकेचं लेखी मत. आमचं सगळं घोडं त्या एका कागदावर अडलं होतं आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गल्ली सहा मीटरची. पूर्वी दोन्ही बाजूंना बंगले होते, आता इमारती आहेत. तोंडाशी एक दवाखाना, मागे क्लासेस. दोन्ही बाजूंना चारचाकी लागल्या की मधे जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट उरायची, आणि कुणी तिरकी लावली की तीही बंद. घंटागाडी आत यायची बंद झाली, लोक बादल्या घेऊन कोपऱ्यावर जायला लागले. सासऱ्यांना एकदा रात्री हलवायची वेळ आली तेव्हा रुग्णवाहिका कोपऱ्यावरच उभी राहिली आणि स्ट्रेचर गल्लीभर चालत आणावं लागलं. त्यानंतर मी अर्ज लिहायला बसले.

पोलिसांच्या वाहतूक शाखेतलं काम सुरळीत झालं. अर्ज, रहिवाशांच्या सह्या, फोटो दिले. त्यांचे कर्मचारी येऊन टेपने रुंदी मोजून गेले, निरीक्षकसाहेब म्हणाले, "पी-वन, पी-टू करता येईल, महापालिकेचा अभिप्राय मागवतो." सम-विषम पार्किंगच्या दोन बाजूंना पी-१, पी-२ म्हणतात. पत्र गेलंसुद्धा. त्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख मी तिथेच लिहून घेतली, आणि पुढे सगळं त्या एका क्रमांकावरच चाललं. तुम्हीही घ्या. "पत्र पाठवलंय" हे तोंडी उत्तर घेऊन निघू नका.

आता महापालिका.

क्षेत्रीय कार्यालयाच्या आवक खिडकीवर पत्र सापडलं, पण ते मुख्य इमारतीत पथ विभागाकडे गेलं होतं. पथ विभाग म्हणाला, पार्किंगचा विषय म्हणजे वाहतूक नियोजन. वाहतूक नियोजनाने वर "क्षेत्रीय कार्यालयाने स्थळपाहणी करून अहवाल सादर करावा" असा शेरा मारून ते परत पाठवलं. म्हणजे कागद निघाला तिथेच येऊन बसला. मी गेले की साहेब साइटवर, साइटवरून आले की मीटिंगला. कुणी उद्धट बोललं नाही, खुर्चीही द्यायचे. पण कुणी नाहीही म्हणत नव्हतं, आणि खरी अडचण हीच होती. लेखी नकार मिळाला तर त्याच्यावर वर दाद मागता येते. नकारच नसेल तर कशावर दाद मागणार?

शेवटी कनिष्ठ अभियंत्यांनी एकदा स्पष्ट सांगितलं. "मॅडम, हा लेआउटचा रस्ता आहे. आमच्या ताब्यात नाही. ताब्यात नसलेल्या रस्त्याला आम्ही अभिप्राय काय देणार?"

ही भानगड समजून घ्या, कारण शहरातल्या कितीतरी गल्ल्यांची हीच गत आहे. काही रस्ते विकास आराखड्यातले असतात, त्यांना आपण डीपी रोड म्हणतो, त्यांच्याबद्दल वाद नसतो. पण जुन्या जमिनीचे प्लॉट पाडताना मंजूर लेआउटमध्ये जे आतले रस्ते दाखवलेले असतात, ते मूळ मालकाने रीतसर महापालिकेकडे हस्तांतरित करायचे असतात. पुष्कळदा ते होतच नाही. मालक गेले, वारस पांगले, सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर जुनीच नावं राहिली. रस्त्यावर जग चालतं, पण कागदोपत्री तो खासगी. आमच्या गल्लीचं असंच होतं.

आणि तरीही दोनच वर्षांपूर्वी त्याच महापालिकेने त्याच गल्लीचं काँक्रिटीकरण केलं होतं! पथदिवे त्यांचे, खांबांवर त्यांचे क्रमांक, खालची ड्रेनेज लाइन त्यांची. विकासकामाची पाटी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. आमच्या करांतून काँक्रीट ओतताना ताबा आड आला नाही, आणि तीन ओळींचा कागद लिहायची वेळ आली तेव्हा आला. हे मी साहेबांना शांतपणे विचारलं. ते म्हणाले, "ते काम वेगळ्या हेडमधून झालं." म्हणजे खर्चाच्या वेगळ्या खात्यातून. मी म्हटलं, "मग हे लिहून द्या." ते त्यांनी दिलं नाही.

तेव्हा आमच्याकडे नगरसेवकही नव्हते. २०२२ मध्ये राज्यातल्या बऱ्याच महापालिकांची मुदत संपली आणि निवडणुका थेट जानेवारी २०२६ मध्ये झाल्या. मधल्या काळात आयुक्तच प्रशासक, सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याकडेच. एरवी अशा अडलेल्या कागदासाठी नगरसेवकाने एक फोन केला असता किंवा प्रभाग समितीत विषय काढला असता. लोक नगरसेवकांच्या नावाने बोटं मोडतात, पण ती खुर्ची रिकामी असली की सामान्य माणसाला किती चालावं लागतं ते मी अनुभवलंय. आता लोकप्रतिनिधी आहेत, तेव्हा पहिल्याच आठवड्यात अर्जाची प्रत त्यांच्याकडे द्या. पाट्यांचा खर्च बसवायलाही त्यांची मदत होते.

कागद कुठे थांबलाय हे मला कळलं ते एका सोमवारी. राज्य सरकारने २०१८ मध्ये परिपत्रक काढलेलं आहे: जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे. माहिती अधिकाराच्या अर्जाची महिनाभर वाट पाहावी लागत नाही. खिडकीवरच्या बाईंना ते माहीत नव्हतं, म्हणून मी परिपत्रकाची प्रत पुढे केली. त्यांनी आत विचारून फाईल आणून दिली.

पातळ फाईल होती. वाहतूक पोलिसांचं पत्र, माझा अर्ज, आमच्या सह्यांचे कागद, आणि वर टिपणीचा एक कागद. त्यावर कनिष्ठ अभियंत्यांनी लिहिलं होतं: "सदर रस्ता मनपाच्या ताब्यात नसल्याने अभिप्राय देणे उचित होणार नाही. मान्यतेस्तव सादर." त्याखाली वरिष्ठांच्या अक्षरात दोनच शब्द, "चर्चा करावी", सही आणि तारीख. त्याखालचं पान कोरं होतं. तारीख पाहिली तर पावसाळ्याच्या आधीची, आणि मी तिथे उभी होते तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. ती चर्चा झालीच नव्हती. एवढे दिवस मला जे "प्रोसेसमध्ये आहे" असं सांगत होते, ते प्रोसेस म्हणजे हे दोन शब्द. तिथे मला रडू यायचं बाकी होतं, पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. कारण आता कुठे जायचं ते कळलं होतं.

घरी येऊन तीन गोष्टी केल्या.

पहिली, माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, आणि अर्ज दीडशे शब्दांच्या आत, कारण महाराष्ट्राच्या नियमांत तशी मर्यादा आहे आणि तेवढ्यावरून अर्ज परत येऊ शकतो. मागितलं एवढंच: आमच्या गल्लीच्या काँक्रिटीकरणाचा कार्यादेश (वर्क ऑर्डर) आणि देयक (बिल). "का केलं", "कोण जबाबदार" असले प्रश्न विचारू नका, कागद मागा. पानाला दोन रुपये भरून प्रती मिळाल्या.

दुसरी गोष्ट, कायदा वाचला. मोटार वाहन कायद्याच्या कलम २ (३४) मध्ये सार्वजनिक ठिकाणाची व्याख्या आहे. जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे असा कोणताही रस्ता, वाट किंवा जागा, मग तो आरपार जाणारा असो वा नसो, सार्वजनिक ठिकाण ठरतो. रस्ता कोणाच्या नावावर आहे हे त्यात विचारलेलंच नाही! म्हणजे वाहतुकीच्या आदेशासाठी ताब्याचा मुद्दाच गैरलागू होता. एक तर माझ्यासारख्या बँकेत कारकुनी केलेल्या बाईला ते सापडतं, आणि ज्यांचं रोजचं काम आहे त्यांना ते सांगावं लागतं, याचा मला मनापासून संताप आला.

तिसरी, लोकशाही दिन, म्हणजे वरिष्ठ अधिकारी नागरिकांच्या तक्रारी स्वतः ऐकतात तो दिवस. महापालिका आयुक्तांचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण त्या दिवशी अर्ज घेऊन गेलात तर उपयोग नाही, विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. मी एकाच पानावर सगळं मांडलं: पोलिसांच्या पत्राचा जावक क्रमांक, "चर्चा करावी" या शेऱ्याची तारीख, कार्यादेशाची प्रत, कलम २ (३४). शेवटी एकच मागणी, अभिप्राय द्या किंवा लेखी नकार द्या.

लोकशाही दिनाला माझा क्रमांक यायच्या आधीच अभिप्राय गेला. तीन ओळी. रस्त्याची रुंदी सहा मीटर, सम-विषम पद्धतीने पार्किंग करण्यास या विभागाची हरकत नाही. प्रत हातात आली तेव्हा मी ती जिन्यात उभी राहूनच दोनदा वाचली. अभिमान वाटला, लपवत नाही.

पुढचं भराभर झालं. वाहतूक शाखेने आधी तात्पुरता आदेश काढून हरकती-सूचना मागवल्या. आमच्यातल्याच दोघांनी हरकत घेतली, त्यांच्या दारासमोर एक दिवसाआड गाड्या लागणार म्हणून. त्यांचं ऐकून घेतलं गेलं, फाटकासमोरची जागा मोकळी ठेवायचं ठरलं, मग अंतिम आदेश निघाला. यासाठी एक सुचवते: विरोध करणाऱ्यांच्या घरी आधी तुम्ही जा. काकांना चहाच्या वेळी समजावणं सोपं, हरकत लेखी गेल्यावर माणूस मागे हटत नाही.

आदेश निघाला म्हणजे काम झालं असं समजू नका. पाटी लागल्याशिवाय वाहनचालकाला काही कळत नाही आणि कारवाईही टिकत नाही. पाट्या महापालिकेच्या, त्यामुळे आदेशाची प्रत घेऊन पुन्हा पथ विभागात जावं लागतं. आमच्याकडे पी-१ची पाटी लागली, पी-२ची गुलमोहराच्या फांदीआड लागली. ती हलवून घेतली, त्यासाठी पुन्हा अर्ज.

सम-विषमचा एक बारकावा लोकांना नक्की सांगा. ३१ तारीख विषम आणि पुढची १ तारीखही विषम, म्हणजे त्या दोन दिवशी गाडी त्याच बाजूला राहते. पहिल्या महिन्यात एक तारखेला अर्ध्या गल्लीने सवयीने गाड्या पलीकडे नेल्या आणि टोइंगवाले आले. आता आमच्या ग्रुपवर प्रत्येक ३१ तारखेला मी मेसेज टाकते.

हे मघाशी सांगायचं राहिलं: एका अर्जात एकच मागणी. आमच्या पहिल्या बैठकीत गतिरोधक, फेरीवाले, इमारतींच्या पार्किंगमध्ये झालेली दुकानं, सगळं एकत्र लिहायचं चाललं होतं. मी हट्टाने ते वेगळं केलं. पार्किंगच्या जागेत दुकान थाटलं असेल तर ती तक्रार बांधकाम विभागाकडे जाते, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ खाली नोटीस निघते, त्याचा वाहतूक शाखेशी संबंध नाही. आणि ती तक्रार कराच. गल्लीतल्या गाड्या मुळात रस्त्यावर आल्या त्या तळमजल्याची जागा भलत्याच कामाला गेली म्हणून. बिल्डरने तळमजल्याचं मोकळं पार्किंग वेगळं विकू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे.

सशुल्क पार्किंगबद्दल लोक विचारतात. ते धोरण मात्र महापालिकेच्या सभेत ठरतं. पुण्यात २०१८ मध्ये सर्वसाधारण सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं तेव्हा एवढा विरोध झाला की आधी पाच रस्त्यांपुरता प्रयोग करायचं ठरलं. तुमची मागणी एका गल्लीची असेल तर त्या वादात तिला गुंतवू नका, थेट पोलिसांच्या वाहतूक शाखेत जा.

विकास आराखड्याच्या भाग नकाशाची प्रत मात्र अर्ज करण्याआधीच काढून ठेवा. तुमचा रस्ता डीपीचा की लेआउटचा हे त्यावर दिसतं. लेआउटचा निघाला तर काँक्रीट, दिवे, ड्रेनेज यांचे कागद पहिल्याच अर्जाला जोडा, आणि सोबत कलम २ (३४) ची एक प्रत लावा.