शाईच्या नमुन्यांच्या साइटसाठी सीएमएस: निवड झाली, नोंदी भरायला सुरुवात

मंडळी, शाईच्या नमुन्यांच्या साइटचं घोडं बराच काळ सीएमएसपाशी (साइटचा मजकूर भरायची आणि सांभाळायची प्रणाली) अडलं होतं. आता निवड पक्की झाली आहे, सांगाडा उभा आहे आणि जुन्या वहीतल्या नोंदी आत यायला लागल्या आहेत. कोणती सिस्टीम घेतली ते पुढे येईलच. बाकीच्या का सोडल्या तेही सविस्तर लिहितो, कारण कुठल्याही संग्रहाची साइट करणाऱ्याला याच अडचणी येतात.

पहिलं काम कागदावर झालं: एक नोंद म्हणजे नक्की काय? आमच्याकडे (मी आणि माझा एक मित्र, स्कॅनिंग बहुतेक तोच करतो) चार प्रकारची पानं आहेत: शाई, पेन, कागद आणि नमुना. नमुना म्हणजे ठरावीक शाई, ठरावीक पेनातून, ठरावीक कागदावर लिहून घेतलेलं स्कॅन. सोबत सुकायला लागलेला वेळ सेकंदांत, शेडिंग (एकाच रेघेतली फिकट-गडद छटा) किती, शीन (सुकल्यावरची वेगळ्या रंगाची झळाळी) दिसते का, शाई फुटते का, मागच्या बाजूला उमटते का. बारीक निबमधून साधी वाटणारी निळी शाई जाड निबमधून गुळगुळीत कागदावर चक्क लालसर झळाळी दाखवते, म्हणून एका शाईला एक फोटो लावून भागत नाही. शाईचं पान उघडलं की तिचे सगळे नमुने आपोआप दिसायला हवेत, आणि कागदाचं पान उघडलं की त्या कागदावर लिहिलेल्या सगळ्या शाया.

एवढं लिहून काढल्यावर कसोटी आपसूक ठरली. प्रत्येक सिस्टीममध्ये तेच एक अवघड नमुन्याचं पान बांधायचं. मग कागदाचं नाव आणि पत्ता बदलून दुवे शाबूत राहतात का ते बघायचं. सुकण्याच्या वेळेनुसार यादी लावायची. आणि शेवटी सगळा मजकूर बाहेर काढून, ती सिस्टीम नसताना तो वाचता येतो का ते तपासायचं. थीमकडे (साइटच्या दिसण्याकडे) मुद्दाम शेवटपर्यंत पाहिलं नाही. थीम कधीही बदलता येते. नोंदींची घडण बदलायची म्हटलं तर सगळं नव्यानं भरावं लागतं.

वर्डप्रेस अर्थातच पहिलं. २००३ मध्ये ते बी२ नावाच्या प्रणालीतून फुटून निघालं, तेव्हा काम होतं तारखेच्या क्रमानं लेख छापायचं, आणि ती मूळ वीण आजही आत जाणवते. २०१० च्या ३.० आवृत्तीपासून आपले स्वतःचे पोस्ट टाइप (नोंदींचे प्रकार) नीट करता येतात, त्यामुळे शाई, पेन, कागद, नमुना हे चारही प्रकार झटपट उभे राहिले. खरी गंमत फील्डमध्ये (नोंदीतल्या माहितीच्या एकेका खणात) आहे. जादाची सगळी माहिती पोस्टमेटा नावाच्या एकाच टेबलात नाव आणि मूल्य अशा जोड्यांनी जाते आणि मूल्याचा रकाना मजकुराचा असतो. सुकण्याच्या वेळेनुसार साधी यादी लावली, तर १०० सेकंद आधी, मग २०, मग ८, कारण तुलना अक्षरांची होते. हे आकडे समजून लाव असं क्वेरीत सांगता येतं, ते चालतंही. पण मूल्याच्या रकान्यावर इंडेक्स (झटपट शोधायची सूची) नसतो, म्हणजे 'पंधरा सेकंदांच्या आत सुकणाऱ्या सगळ्या शाया दाखव' असल्या प्रश्नांना नोंदी वाढतील तसा वेळ लागणार. एका नोंदीचा दुसरीशी दुवा जोडायलाही प्लगइन (वरून बसवायचा जोडभाग) लागतं. कागदाला वेगळा पोस्ट टाइप न करता टॅक्सॉनॉमी (वर्गवारी) केलं तर त्याच्या याद्या फुकटात मिळतात. ज्यांना वर्डप्रेसमध्येच राहायचं आहे त्यांनी ही वाट जरूर धरावी, फार स्वच्छ काम होतं.

मराठी शीर्षकांचा मुद्दा इथेच निघाला, तो जरा थांबून पाहण्यासारखा आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ (संगणकात अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये ३ बाइट घेतं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह धरून ३ अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला ९ जागा. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं मोजली जातात. वर्डप्रेस पत्त्याचा हा तुकडा २०० जागांवर कापतं, त्यामुळे जेमतेम २२ चिन्हं बसतात. 'मोरपंखी शाई जाड निबमधून' एवढ्या शीर्षकाला मधल्या रेघा धरून १८३ जागा जातात. पुढे 'पिवळसर कागदावर' जोडलं की शेपूट तुटतं, आणि शेपटातच फरक असलेले दोन नमुने आले की दुसऱ्याच्या मागे आकडा चिकटतो. तेव्हापासून नियम केला आहे: पत्ता हातानं द्यायचा, रोमन अक्षरांत, छोटा. सिस्टीम कुठलीही असो.

शोधाचं तर अजून बारीक आहे. वर्डप्रेसचा मूळचा शोध अक्षरांचा तुकडा मजकुरात कुठेही सापडतो का ते पाहतो. मराठीला हे बरंच मानवतं: 'कागद' टाकलं की 'कागदावर', 'कागदाचा' सगळं मिळतं. पण 'निळा' शोधलं तर 'निळ्या शाईचा' हे मिळत नाही, कारण सामान्यरूपात अक्षरंच बदलतात. ड्रुपलचा मूळ शोध पूर्ण शब्द जुळवतो, म्हणजे तिथे 'शाई'ला 'शाईचा' सुद्धा सापडत नाही. वेगळं मॉड्यूल (ड्रुपलचा जोडभाग) लावावंच लागतं. आणि 'दुसऱ्या', 'गहिऱ्या' यांतला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकदा नुक्त्याच्या ऱ पासून, एकदा साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण शोधाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात. म्हणून आम्ही रंगछटा मजकुरातून शोधायच्या नाहीत असं ठरवलं. निळा, हिरवा, जांभळा, राखाडी अशी बांधीव यादी केली आणि नमुना भरताना त्यातूनच निवडायचं. सीएमएस निवडताना बांधीव यादीचं फील्ड सोपं आहे का, हा प्रश्न त्यामुळे एकदम वर आला.

ड्रुपलबद्दल मला मनापासून आदर वाटला. आमच्या चार प्रकारांचा आराखडा त्याच्यात अगदी अंगचा असल्यासारखा बसला. आवृत्ती ८ पासून नोंदींमधले दुवे आणि याद्या बांधायचं व्ह्यूज दोन्ही मूळ गाभ्यात आहेत. आकड्याचं फील्ड खरोखर आकडा म्हणून साठतं, प्रत्येक फील्डला स्वतःचं टेबल असतं, कागदाचं नाव बदललं तरी दुवा क्रमांकावर असल्यानं तुटत नाही. जेसन एपीआयही २०१९ च्या ८.७ पासून गाभ्यातच, म्हणजे मजकूर बाहेर काढायची सोय आयती. शाईच्या पानावर तिचे नमुने, कागदाच्या पानावर त्याच्या शाया, सगळं कोड न लिहिता झालं. सोडलं ते देखभालीमुळे. कंपोझर या पीएचपीच्या साधनानं अपडेट करणं, मॉड्यूलच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळवणं, मोठ्या आवृत्तीच्या वेळी सगळं तपासणं, हे दोन हौशी माणसांच्या साइटला जड जातं. ड्रुपल ७ चा सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपला, आणि ७ वरून पुढे जायचं म्हणजे नवी साइट उभारून मजकूर तिकडे हलवणंच होतं. दहा-बारा माणसं नोंदी भरणार असतील, प्रत्येकाला वेगळे अधिकार द्यायचे असतील, तर मी आजही ड्रुपलच सुचवीन.

घोस्ट लगेच बाजूला ठेवलं. लिहायला सुरेख, पण त्यात लेख आणि पानं यापलीकडे स्वतःचे प्रकार करता येत नाहीत. जूमला उघडून पाहिलं. त्यात आमच्यासाठी ड्रुपलहून वेगळं काही हाती लागलं नाही.

ह्यूगोवर (साइटची सगळी पानं आधीच बनवून ठेवणारं साधन) मात्र माझा जीव जडला होता. एकच फाइल उतरवायची, मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी सजवलेला मजकूर), वर फील्डची छोटी पट्टी, आणि सगळी साइट क्षणात तयार. डेटाबेस नाही, सर्व्हरवर चालणारा कोड नाही, हल्ल्याला जागाच नाही. आकडे आकडेच राहतात, त्यामुळे सुकण्याच्या वेळेची यादी पहिल्या फटक्यात बरोबर लागली. दोन गोष्टी आड आल्या. दुवे फाइलच्या नावांवर बांधले होते, त्यामुळे कागदाच्या फोल्डरचं नाव बदलताच त्या कागदाचे सगळे नमुने अनाथ झाले. आणि मित्राला ब्राउझरमधून फॉर्म भरायचा असतो. डेकॅप नावाचं संपादनाचं साधन जोडून तशी पाटी देता येते, पण मग त्याला गिटचं (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) खातं, सेव्ह केल्यावर साइट नव्यानं बिल्ड होईपर्यंत थांबणं, हे सगळं आलं. स्कॅन करून शाई सुकते न सुकते तोच नोंद टाकणाऱ्या माणसाच्या हाताला ते रुचत नाही.

रंगाचा मुद्दा बाकीच्यांना कदाचित किरकोळ वाटेल, आमच्यासाठी तो जिवाचा आहे. ह्यूगो चित्राच्या लहान प्रती करताना मूळ मेटाडेटा ठेवत नाही. वर्डप्रेसमध्ये चित्रं लहान करायला सर्व्हरवर इमेजमॅजिक असेल तर रंगाचं प्रोफाइल (रंग कसे वाचायचे ते सांगणारी माहिती) टिकतं, जीडी हे दुसरं साधन असेल तर जातं. स्कॅन अडोबी आरजीबीत (एसआरजीबीपेक्षा मोठ्या रंगपट्ट्यात) असेल आणि प्रोफाइल गळलं, तर तीच मोरपंखी शाई मळकट दिसते. शाईच्या साइटवर शाईचाच रंग चुकला तर बाकीच्या खटाटोपाला अर्थ उरत नाही. उपाय सोपा आहे: चढवण्याआधीच स्कॅन एसआरजीबीत (वेबवरच्या नेहमीच्या रंगपट्ट्यात) बदलून घ्यायचं, मग प्रोफाइल गेलं तरी ब्राउझर तेच गृहीत धरतो. वर्डप्रेस २५६० पिक्सेलपेक्षा मोठं चित्र आपोआप लहान करून दाखवतं, मूळ फाइल जवळ ठेवतं. शेडिंगची किनार झूम करून पाहायची असेल तर मूळ फाइलचाच दुवा द्या.

शेवटी घेतली ती किर्बी. पीएचपीवर चालते, डेटाबेस लागत नाही. प्रत्येक नोंद म्हणजे एक फोल्डर, त्यात एक साधी मजकुराची फाइल आणि शेजारीच स्कॅन. फाइल कुठल्याही एडिटरमध्ये उघडा: फील्डचं नाव, अपूर्णविराम, मूल्य, खाली चार रेघा, मग पुढचं फील्ड. बाहेर काढायची कसोटी इथे फोल्डर कॉपी करण्यावर संपते. वर्डप्रेसच्या एक्सपोर्ट फाइलमध्ये चित्रांचे फक्त पत्ते येतात, चित्रं वेगळी गोळा करावी लागतात. इथे नोंद आणि तिचं स्कॅन कधी वेगळे होतच नाहीत. पॅनलमधला फॉर्म ब्लूप्रिंट नावाच्या यामल (नाव-मूल्य अशा साध्या मांडणीच्या) फाइलनं ठरतो. रंगछटांची बांधीव यादी, सेकंदांचा आकडा, शाई-पेन-कागद निवडायची फील्डं, सगळं तिथेच लिहायचं. ३.८ आवृत्तीपासून प्रत्येक पानाला कायमची ओळख मिळते, त्यामुळे कागदाचं नाव आणि पत्ता दोन्ही बदलून पाहिलं तरी नमुने जागच्या जागी राहिले. मित्राला पॅनल दाखवलं, त्यानं काही न विचारता नोंद भरली.

किर्बी फुकट नाही हे स्पष्ट सांगायला हवं. आपल्या संगणकावर हवं तितकं वापरून बघता येतं, साइट लोकांसाठी खुली करताना लायसन्स लागतं. फुकट हवं असेल तर याच घडणीचं ग्रॅव्ह बघा: तेही डेटाबेसशिवाय, मार्कडाउन आणि यामलवर, एमआयटी या मुक्त परवान्याखाली. त्यात वर्गवारी चांगली आहे, पण पानापानांमधले दुवे मला किर्बीत जास्त भरवशाचे वाटले. हजारो नोंदी झाल्या की फाइली वाचून याद्या करणं मंदावेल, तेव्हा कॅशे (तयार याद्या साठवून ठेवायची सोय) लागेल. आमचा संग्रह काही शेकड्यांचा आहे, त्यामुळे ती चिंता आज नाही.

सध्या चारही ब्लूप्रिंट तयार आहेत आणि शाईच्या पानावर तिचे नमुने येतात. मजकूर गिटमध्ये, मूळ स्कॅन वेगळ्या डिस्कवर. आता काम चालू आहे ते तुलनेच्या पानाचं: एक शाई निवडली की तिचे नमुने कागदानुसार उभ्या रांगांत आणि निबच्या जाडीनुसार आडव्या रांगांत मांडायचे, रिकाम्या चौकटींसकट, म्हणजे कुठला नमुना अजून करायचा राहिलाय तेही तिथेच कळेल. डेस्कटॉपवर ते जमलं आहे, मोबाइलवर आडव्या रांगा फार दाटतात. कुणी अशी तक्त्याची मांडणी छोट्या पडद्यावर केली असेल तर कशी केली ते जरूर सांगा.