मेलेला स्विच, सिरीयल केबल आणि पोचपावतीचे १६ मिलिसेकंद

टेबलावर: सिस्कोचा नेटवर्क स्विच कॅटॅलिस्ट २९६०, २४ पोर्टचा. जुनी इमेज (स्विचच्या ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल) आधी पुसली, नवी कॉपी होत असतानाच वीज गेली. आता स्विच चालू होतो, पण एकही पोर्ट उठत नाही आणि पिंगला उत्तर नाही. बूटलोडर (इमेज शोधून सुरू करणारा छोटा प्रोग्राम) मात्र शाबूत आहे. तो फ्लॅशच्या फाइल सिस्टिममध्ये राहत नाही, त्यामुळे इमेज गेली तरी तो जात नाही. म्हणजे स्विच मेलेला नाही, फक्त त्याच्याशी बोलायला कन्सोलखेरीज (सिरीयल केबलचं सॉकेट) दुसरी वाट उरलेली नाही.

आधी तार. कन्सोलचं सॉकेट आरजे-४५ असलं तरी त्यात इथरनेट नाही, आरएस-२३२ (जुनी सिरीयल जोडणी) आहे. स्विचच्या बाजूने ३ नंबरच्या पिनवर डेटा बाहेर येतो, ६ वर आत जातो, ४ आणि ५ ग्राउंड. मायक्रोकंट्रोलरसाठी घेतलेला ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल बोर्ड इथे थेट जोडू नका. आरएस-२३२ चं व्होल्टेज उणेमध्येही जातं आणि त्यातलं ० आणि १ टीटीएलच्या उलट असतं. बोर्ड वाचला तरी स्क्रीनवर कचराच दिसेल.

टर्मिनल प्रोग्राममधलं सेटिंग: वेग ९६०० बॉड (इथे सेकंदाला बिट), ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. शेवटचं सगळ्यांत जास्त चुकतं. मिनिकॉमसारख्या टर्मिनल प्रोग्राममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू राहिलं, तर स्विचचं बोलणं दिसतं पण आपण दाबलेली एकही की पोचत नाही, आणि माणूस केबल बदलत बसतो. तरीही शंका राहिली, तर केबलच्या टोकाला आरजे-४५ चं मोकळं सॉकेट लावून त्यातल्या ३ आणि ६ वायरच्या तुकड्याने जोडा. टाइप केलेलं अक्षर स्क्रीनवर परत आलं की अडॅप्टर, ड्रायव्हर आणि केबल ठीक. तारा उलटसुलट नाहीत ना, हे मात्र या चाचणीतून कळत नाही.

बूट होताना बूट व्हेरिएबलमध्ये चालणारी इमेज सापडत नाही असा संदेश येतो आणि ‘स्विच:’ हा प्रॉम्प्ट आपोआप मिळतो. अर्धवट इमेज लोड करायचा प्रयत्न करून स्विच पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत असेल, तर पॉवर काढा, पुन्हा लावा, आणि ‘सिस्ट’ (सिस्टिम) लिहिलेला दिवा हिरवा लुकलुकत असतानाच मोड बटण दाबून धरा. दिवा क्षणभर पिवळट होऊन मग स्थिर हिरवा झाला की सोडा.

प्रॉम्प्टवर पहिली आज्ञा फ्लॅश-इनिट (मधली रेघ प्रत्यक्षात अंडरस्कोर). ती दिल्याशिवाय फ्लॅशमधलं काहीच दिसत नाही. मग डीआयआर, म्हणजे फाइलींची यादी. इथे फॉरमॅट करायचा मोह आवरा, कारण त्याबरोबर कॉन्फिग डॉट टेक्स्ट आणि व्हीलॅन डॉट डॅट या सेटिंगच्या फाइलही जातात. आधी टर्मिनलचं लॉगिंग चालू करून टाइप आज्ञेने कॉन्फिग स्क्रीनवर ओतून घ्या. मग डिलीटने फक्त अर्धवट इमेज काढा. जागा तेवढ्यानेही पुरत नसेल, तर वेब इंटरफेसच्या एचटीएमएल फाइलवर निर्धास्त हात टाका.

आता खरा विषय. नेटवर्क नाही, त्यामुळे फाइल सिरीयल तारेवरून एक्समोडेम प्रोटोकॉलनेच जाणार. हा प्रोटोकॉल १९७७ चा आहे, आणि वय जाणवतं. हिशेबासाठी इमेज १ कोटी २० लाख बाइट धरू. एका बाइटला स्टार्ट-स्टॉप धरून १० बिट, म्हणजे ९६०० ला सेकंदाला ९६० बाइट: जवळजवळ साडेतीन तास. म्हणून आधी सेट आज्ञेने बॉड ११५२०० करा (व्हेरिएबलचं नाव कॅपिटल अक्षरांतच). एंटर दाबताच स्क्रीनवर कचरा येईल; घाबरू नका, टर्मिनलचा वेग बदला. आता कागदावर साडेसतरा मिनिटं.

प्रत्यक्षात पाऊण तासाच्या आसपास गेला, तर दोष बॉडचा नाही. एक्समोडेम १२८ बाइटचा ब्लॉक पाठवतो, एका बाइटच्या पोचेची वाट पाहतो, मगच पुढचा ब्लॉक. यूएसबी-सिरीयल अडॅप्टरमधल्या एफटीडीआय कंपनीच्या चिपमध्ये लेटन्सी टायमर असतो, डिफॉल्ट १६ मिलिसेकंद: बफर भरला नाही तर चिप तेवढा वेळ थांबून मगच बाइट यूएसबीवर ढकलते. एकुलती एक पोच बफर कशी भरणार? ब्लॉक ९३,७५०, प्रत्येकी १६ मिलिसेकंद, म्हणजे २५ मिनिटं नुसती वाट पाहण्यात. लिनक्सवर सिसएफएसमध्ये (/sys) त्या पोर्टच्या लेटन्सी टायमर फाइलमध्ये १ लिहा. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये तोच आकडा बदला. २५ मिनिटांची दीड मिनिटं होतात.

दुसरा उपाय एक्समोडेम-१के. कॉपी आज्ञा दिल्यावर हा बूटलोडर स्वतःच सांगतो की दोन्हींपैकी काहीही चालेल. १०२४ चे ब्लॉक म्हणजे पोचा साधारण ११,७००. दोन्ही उपाय एकत्र केले की उरतो तो तारेचा आणि फ्लॅशवर लिहिण्याचा वेळ.

कॉपी सुरू केल्यावर ‘सी सी सी’ अशी अक्षरं टपटपू लागतात. स्विच सीआरसीसह (चूक पकडणारा तपासणी आकडा) पहिला ब्लॉक मागतो आहे. लगेच पाठवायला लागा, नाहीतर तो कंटाळून सोडून देतो. पुटी या टर्मिनल प्रोग्राममध्ये एक्समोडेम नाही. टेराटर्म घ्या, किंवा पिकोकॉमला एलआरझेडएसझेड पॅकेजमधला एसएक्स हा पाठवणारा प्रोग्राम जोडा. फाइल बिन (.bin) याच प्रकारची हवी. टार (.tar, अनेक फाइलींचं गाठोडं) पाठवली तर पोचते व्यवस्थित, पण बूट होत नाही आणि मॅजिक नंबर (फाइलचा प्रकार सांगणारे सुरुवातीचे बाइट) जुळत नाही असं ऐकावं लागतं. आधी टार उघडून त्यातली बिन काढा.

बूट आज्ञेनंतर @@@ च्या रांगा सरकू लागल्या की इमेज रॅममध्ये उलगडते आहे. इमेज फाइलच्या नावातल्या ‘एमझेड’मधला एम रॅमसाठी, झेड झिपसाठी.

पोचलेल्या फाइलचा एमडी५ (फाइलच्या मजकुरावरून काढलेला तपासणी आकडा) मूळ फाइलशी जुळला नाही, तर लगेच पुन्हा पाठवू नका. एक्समोडेम फाइलची लांबी कळवतच नाही; शेवटचा ब्लॉक १ए या बाइटने भरून पूर्ण केला जातो, त्यामुळे स्विचवरची फाइल थोडी लांब होऊ शकते. डीआयआरमधली लांबी पाहा: काही बाइट जास्त असेल तर ही भर, कमी असेल तर ट्रान्सफर तुटलं.

बाकी काम: टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल आणण्याचा साधा प्रोटोकॉल) तीच इमेज पुन्हा आणून व्हेरिफायने एमडी५ जुळवणं, बूट सिस्टिममध्ये तिचं नाव घालून कॉन्फिग सेव्ह करणं, आणि बूटलोडरमध्ये परत जाऊन अनसेट बॉड. ते राहिलं, तर पुढच्या खेपेला ९६०० वर कचरा दिसेल आणि कन्सोल पोर्ट जळला असं वाटेल.