फोन ‘सेवा’ की ‘संशोधन’? अनुदान मिळवतानाचा माझा अनुभव

अनुदान मंजूर होऊन तीन महिने झाले, तरी ‘सेवा खर्च’ हे दोन शब्द कुठे दिसले की अजून माझं डोकं सणकतं.

मी परिचारिका. बरीच वर्षं वॉर्डात काढल्यावर संशोधनाकडे वळले. विषय वॉर्डातूनच आला: रुग्ण रुग्णालयातून घरी किंवा पुनर्वसन केंद्रात जातो, तेव्हा मधल्या दोन-तीन आठवड्यांत काय बिनसतं आणि ते कसं टाळायचं? प्रस्ताव लिहिणं, सहकाऱ्यांच्या सह्या, एथिक्स कमिटी हे सगळं बिनबोभाट पार पडलं. ‘गरज’ या भागात अमेरिकेतल्या मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेचा 2009 साली छापून आलेला आकडा दिला होता: डिस्चार्ज मिळालेल्यांपैकी 19.6 टक्के रुग्ण 30 दिवसांच्या आत पुन्हा दाखल झाले. त्यावर कुणी हूं की चूं केलं नाही.

अडलं बजेटमध्ये. आमची योजना अशी की डिस्चार्जच्या आधी परिचारिकेने रुग्णासोबत बसून औषधांची यादी पक्की करायची आणि नंतर दुसऱ्या, सातव्या व चौदाव्या दिवशी फोन करायचा. या कामाचे तास मी मनुष्यबळाच्या रकान्यात टाकले. आठवडाभरात निधीचा हिशेब तपासणाऱ्या मधल्या कार्यालयातून फाइल परत. समासात पेन्सिलीने लिहिलेलं, ‘रुग्णाला फोन करणे ही सेवा. संशोधन निधीतून देय नाही.’

ठीक आहे म्हटलं, सेवा तर सेवा. रुग्णालयाच्या प्रशासनाकडे गेले. ते म्हणाले, “मॅडम, डिस्चार्ज झाला की तो रुग्ण आमच्या हिशेबातून गेला. त्याच्यावरचा खर्च कुठल्या शीर्षाखाली दाखवू?” पुनर्वसन केंद्राला विचारलं. “पण तो अजून आमच्याकडे दाखलच झालेला नाही ना.” मला हसावं की रडावं कळेना. ज्या दिवसांत रुग्ण कुणाचाच नसतो त्या दिवसांवरच आमचा प्रस्ताव होता, आणि त्या दिवसांचा खर्चही कुणाचाच नव्हता!

त्यानंतर फाइल चार वेळा गेली आणि चार वेळा आली. दर खेपेला नवीन खोट. एकदा फोनचं बिल वरकड खर्चात घाला म्हणाले, पुढच्या खेपेला तिथून काढा म्हणाले. तिसऱ्या खेपेला ‘समुपदेशन’ हा शब्द खटकला. मी आवाज चढवला, हे कबूल करते. त्याने फाइल एक इंचही सरकली नाही.

शेवटी वही कामाला आली. पद्धत तपासायला आम्ही काही रुग्णांना आधीच फोन केले होते आणि मी प्रत्येक फोनची वेळ टिपून ठेवत होते. त्यातला एक फोन 17 मिनिटांचा. रक्तदाबाच्या एका रुग्णाला म्हटलं, समोरच्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं वाचून दाखवा. त्यांनी एकेक अक्षर लावत वाचली. दोन ब्रँड वेगळे, आतलं औषध एकच: एक दाखल होण्याआधीचं, एक रुग्णालयाने नव्याने दिलेलं. ते दोन्ही घेत होते आणि “उठलं की गरगरतं” म्हणत होते. यातली 11 मिनिटं बोलण्याची, 6 मिनिटं नोंदीची. असा प्रत्येक फोन मिनिटांत फोडून तक्ता केला. बोलण्याचा वेळ एका रकान्यात. नोंदी, प्रशिक्षण आणि फोन ठरल्याप्रमाणे झाला का याची तपासणी दुसऱ्यात. त्या कार्यालयातल्या साहेबांनी तक्ता शांतपणे वाचला आणि म्हणाले, “मग हे आधीच असं का नाही लिहिलंत?” मी जीभ चावली.

दुसरा रकाना निधीतून मंजूर झाला. पहिल्यासाठी रुग्णालयाने परिचारिकेचे तास देण्याचं लेखी पत्र दिलं. तेही मिळालं ते निधी देणाऱ्या संस्थेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना मी थेट ईमेल केल्यावर. त्यांनी दोन ओळींत कळवलं की खर्चाची अशी वाटणी त्यांना चालते. हा ईमेल मी चौथ्या महिन्यात केला. तुम्ही पहिल्या आठवड्यात करा. मधलं कार्यालय नियम सांगतं, पण ज्यांचा नियम आहे त्यांना विचारायला कुणी बंदी केलेली नसते.

प्रस्ताव तपासणाऱ्या परीक्षकांचा एक शेरा मात्र मला आधी झोंबला आणि मग पटला. मी एरिक कोलमन या अमेरिकी डॉक्टरांच्या 2006 च्या चाचणीवर भिस्त ठेवली होती: प्रशिक्षकाची एक रुग्णालयभेट, एक घरभेट, तीन फोन, आणि 30 दिवसांतली पुनर्भरती, म्हणजे पुन्हा दाखल होणं, तुलनेच्या गटात 11.9 टक्के, तर प्रशिक्षक मिळालेल्या गटात 8.3 टक्के. परीक्षकांनी 2020 ची अमेरिकेतल्या कॅम्डेन शहरातली अशाच एका कार्यक्रमाची चाचणी पुढे केली. तिथे वारंवार दाखल होणाऱ्या, गुंतागुंतीच्या 800 रुग्णांत 180 दिवसांतली पुनर्भरती दोन्ही गटांत जवळपास सारखीच निघाली: कार्यक्रम मिळालेल्यांत 62.3 आणि न मिळालेल्यांत 61.7 टक्के. नुसतं आधी-नंतर पाहिलं असतं तर कार्यक्रम यशस्वी वाटला असता, कारण खूप आजारी असताना निवडलेले रुग्ण पुढे आपोआपही थोडे सावरतात. तुलनेचा गट नसलेला प्रस्ताव पाठवूच नका. आणि पुनर्भरती हा एकच निकष ठेवू नका. घरी गेल्यावर काय करायचं ते नीट कळलं होतं का, हे रुग्णालाही विचारा. आम्ही हे नंतर घातलं, त्यामुळे संमतीपत्र पुन्हा कमिटीपुढे न्यावं लागलं.

पुनर्वसन केंद्राचं पत्रही सुरुवातीलाच घ्या. तिथले प्रमुख बदलले की सगळं पहिल्यापासून समजावावं लागतं.

आणि हो, एक राहिलंच. बजेटमध्ये मोबाइल संच टाकायला विसरू नका. तीन फोनांच्या मिनिटामिनिटाचा हिशेब मंजूर करून घेतला, पण फोन कशावरून करायचा ते मी कुठेच लिहिलं नव्हतं. सध्या माझाच मोबाइल चालू आहे.